बाय टू बंद करू नका : बेळगाव भागातल्या हॉटेलवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी, हुक्केरीकडचे सगळे लहान-मोठे हॉटेलवाले, उडपीवाले, खानावळवाले आणि चहावाले

विषय : बाय टू आणि जादा प्लेट

नमस्कार मालक, अण्णा, मामा, मावशी,

गल्ल्यावर जो कुणी बसलेला असतो त्याला आम्ही यातल्याच कुठल्यातरी नावानं हाक मारतो, म्हणून सगळीच लिहिली. हे पत्र एका हॉटेलला नाही, सगळ्यांना आहे. मी वडगावची, वय सव्वीस, उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये अकाऊंट्स बघते. महिन्यातून तीन-चारदा मैत्रिणींबरोबर आणि साधारण तितक्याच वेळा ज्याच्याशी माझं लग्न ठरलंय त्याच्याबरोबर मी बाहेर खाते, आणि हे सगळं खाणं शंभर-दीडशे, फार झालं तर अडीचशेच्या आतलं असतंय. डोसा, मिसळ, एग राईस, गोबी मंच्युरी, भाकरी-झुणका, चहा, कधी पगार झाला की शंभर ग्राम कुंदा. म्हणजे मी तुमची मोठी गिऱ्हाईक नाही, पण कायमची आहे, आणि माझ्यासारख्या लई जणी आहेत, म्हणून लिहायचं धाडस करतेय.

गेल्या काही महिन्यांत मी जाते त्यातल्या तीन-चार ठिकाणी नवीन बोर्ड लागलेत. "बाय टू मिळणार नाही." "शेअरिंगसाठी जादा प्लेट मिळणार नाही." एका ठिकाणी तर "एका टेबलावर प्रत्येकी एक ऑर्डर". कन्नडमध्ये आणि इंग्लिशमध्ये, लॅमिनेट करून, गल्ल्याच्या मागं गणपतीच्या फोटोखाली. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं एकट्या त्या मालकाचं काहीतरी असेल, पण मग दुसरीकडं दिसला, तिसरीकडं दिसला, आणि आता मला भीती वाटायलीय की एकाचं बघून दुसरा असं करत करत हे सगळीकडंच होणार.

पुण्या-मुंबईकडचं कुणी हे वाचत असेल तर त्यांना सांगते, बाय टू म्हणजे एकच चहा किंवा कॉफी मागवायची आणि ती दोन ग्लासांत अर्धी-अर्धी करून यायची. सूपपण बाय टू मिळतंय. टेबलावरून नुसती दोन बोटं दाखवून "अण्णा, वन बाय टू" म्हटलं की सप्लायर (म्हणजे वेटर) आतमध्ये ओरडणार आणि दोन मिनिटांत दोन ग्लास समोर, आणि खरं सांगायचं तर त्या दोन ग्लासांत मिळून एकापेक्षा थोडं जास्तच असतंय. कर्नाटकात बंगळूरपासून आमच्या बेळगावपर्यंत कुठंही जा, हा शब्द चालतोय. माझी मावशी कोथरूडला असते, ती आली की तिला हे लई आवडतंय, तिकडं असं मागितलं तर म्हणे वेटर तोंडाकडं बघत बसतो.

आता काय झालं ते सांगते. हॉटेलचं नाव घेणार नाही, कारण तिथले सप्लायर मामा मला कॉलेजपासून ओळखतात आणि त्यांची त्यात काही चूक नव्हती.

आम्ही चौघी कॉलेजच्या मैत्रिणी. एक खानापूरकडची, एक निपाणीची, एक बैलहोंगलची, ती घरी कन्नड बोलते आणि आमच्याशी मराठी, आणि मी. शिक्षण संपल्यावर चार दिशांना गेलो, पण दोन महिन्यांतून एक रविवार ठरलेला. २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत बायकांना बसचा प्रवास फुकट झाला तेव्हापासून हे भेटणं जमायला लागलं, हेही सांगितलंच पाहिजे, नाहीतर निपाणीहून नुसतं येऊन-जाऊन तिकिटातच सगळं गेलं असतं. मध्यवर्ती बसस्टँडवर उतरायचं, गणपत गल्ली, मारुती गल्लीत फिरायचं, काही घ्यायचं नसलं तरी भाव विचारायचे, आणि पाय दुखले की हॉटेलात टेकायचं. असा आमचा रविवार.

त्या रविवारी निपाणीची मैत्रीण जरा गप्प होती. तिचं काम सुटून दोन महिने झाले होते, आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही नेहमीसारखं दोन मसाला डोसे, एक गोबी आणि दोन कॉफी बाय टू अशी ऑर्डर दिली. मामा घुटमळले, मागं बघितलं, आणि हळूच म्हणाले, "बाई, आता बाय टू बंद केलंय मालकांनी. जादा प्लेटपण नाही. चौघींना चार सांगावं लागतंय." तेव्हा मी पहिल्यांदा तो बोर्ड बघितला.

दोन सेकंद कुणी काही बोललं नाही. मग निपाणीची म्हणाली, "मला भूकच नाही गे, येताना खाऊन आलो. तुम्ही घ्या, मी बसतो." (आमच्याकडं मुलीसुद्धा आलो, बसतो असंच बोलतात.) आणि असं म्हणून तिनं पर्स मांडीवर घेतली आणि चेनशी खेळत बसली. ती सकाळी नवाच्या बसनं निघालेली, तेव्हा दुपारचे तीन वाजलेले. मी म्हटलं मी देते की, खानापूरची म्हणाली मी देते, पण एकदा "मी देते" म्हणावं लागलं की झालंच. ती उठून उभी राहिली, म्हणाली चला किल्ला तलावाकडं जाऊया, हवा छान आहे. आम्ही चौघी काही न खाता बाहेर पडलो. तलावाच्या कडेला कणीस घेऊन खाल्लं आणि तिथं तिनं काम गेल्याचं सांगितलं.

मालक, मी हे पत्र लिहायला बसले ते त्या चेनच्या आवाजामुळं. कारण तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं आम्ही बाय टू म्हणत होतो ते पैसे वाचवायला म्हणत होतो असं मला वाटायचं, आणि ते खरंही आहे, पण त्याच्यामागं आणखी एक गोष्ट व्हायची जी कधी लक्षातच आली नव्हती. चौघींच्या मध्ये दोन डोसे असले, जादा दोन प्लेट असल्या, कॉफी अर्धी-अर्धी असली की कुणाच्या पर्समध्ये किती आहेत हे टेबलावर दिसत नाही. कुणाला खरंच भूक नाही, कुणाचा उपास आहे, कुणाकडं फक्त वीस रुपये आहेत, सगळं एकाच प्लेटमध्ये मिसळून जातंय. बिल आलं की ज्याच्याकडं आहे तो देतो, पुढच्या वेळी दुसरा देतो, हिशोब कुणी ठेवत नाही. "प्रत्येकी एक ऑर्डर" म्हटलं की त्याच क्षणी प्रत्येकाला आपापली पर्स उघडून बघावी लागते, आणि तेसुद्धा सगळ्यांच्या समोर.

हे तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण बोर्ड लावताना हे तुमच्या मनात आलं नसणार म्हणून सांगते.

माझे बाबा यंत्रमागावर होते. वडगाव-शहापूर म्हणजे विणकरांचाच भाग, आमच्या गल्लीत सकाळ-संध्याकाळ मागाचा खटखटाट चालू असायचा आणि तो थांबला की उलट दचकायला व्हायचं. आठवड्याचा पगार मिळाला की महिन्यातून एखाद्या वेळी बाबा आम्हाला शहापूरात एका उडप्याकडं घेऊन जायचे. आम्ही दोघी बहिणी, आई, बाबा. ऑर्डर कायम तीच, एक मसाला डोसा, एक प्लेट इडली आणि चहा बाय टू. डोसा यायचा तो दोन प्लेटमध्ये, मधोमध कापून, भाजी दोन्हीकडं सारखी, चटणीच्या वाट्या दोन. बाबांनी कधीच "कापून आणा" म्हणून सांगितलेलं मला आठवत नाही. आत भट्टीवर जो कुणी असेल त्याला बाहेर दोन लहान मुली बसल्यात एवढं कळलं की बास. मला कितीतरी वर्षं डोसा अर्धाच असतो असं वाटायचं, आणि अख्खा डोसा पहिल्यांदा माझ्या एकटीच्या पुढं आला तेव्हा मी अकरावीत होते आणि तो मला संपला नाही.

त्या हॉटेलवाल्यांना बाबांचं नाव माहीत नव्हतं. पण बाबा आजसुद्धा त्या वाटेनं गेले की आत वाकून बघतात आणि गल्ल्यावरच्याला हात करतात. आता तिथं मुलगा बसतो. तो पण हात करतो.

आणि आता त्याच्याबद्दल, म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याबद्दल, कारण त्यालाही हे पत्र लिहितेय म्हणून सांगितलंय आणि तो म्हणाला माझं पण लिही. तो खानापूर तालुक्यातला, उद्यमबागेतच सीएनसी मशीनवर ऑपरेटर आहे, शिफ्ट ड्युटी. आमची ओळख झाली ती गेटच्या बाहेरच्या चहाच्या टपरीवर, आणि ओळख वाढली ती बाय टूवर. पहिल्या वेळी तो म्हणाला "चहा घेणार काय?" मी म्हटलं अर्धा. अर्धा म्हटलं कारण अख्खा म्हटलं असतं तर तो मला पाजतोय असं झालं असतं, आणि नको म्हटलं असतं तर बोलणं तिथंच संपलं असतं. अर्ध्या चहात दोघांचंही बरोबर बसलं. पुढं सात-आठ महिने आम्ही अर्धाच चहा घेत होतो, आमच्या घरी काही माहीत नव्हतं आणि आम्हाला स्वतःलाही नक्की काय ते माहीत नव्हतं.

बेळगावात एखाद्या मुला-मुलीनं बसून बोलायला जागा कुठं आहे ते तुम्हीच सांगा. किल्ला तलावावर बसलं की ओळखीचं कुणीतरी भेटतंयच. व्हॅक्सिन डेपोवर सकाळी फिरायला येणारे सगळे काका आमच्या गल्लीतले. राजहंसगडावर जायचं तर गाडी पाहिजे, आणि वर गेलं तरी चार लोक वळून बघणार. हॉटेलचं टेबल हीच एक अशी जागा होती जिथं दिवसाढवळ्या, उजेडात, चार लोकांच्या मध्ये, कुणी नाव ठेवू शकणार नाही असं समोरासमोर बसता यायचं. आईला जेव्हा सांगितलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "भेटायचा कुठं तुम्ही?" मी हॉटेलचं नाव सांगितलं, तिथं तीपण चहा पिऊन आलेली, आणि तिचा चेहरा थोडा सैल झाला. तुमच्या टेबलानं माझी किती मोठी अडचण सोडवली ते तुम्हाला कधी कळलंच नसतं, म्हणून इथं लिहून ठेवते.

आता तुमची बाजू. मी अकाऊंट्समध्ये आहे, आकडे मला कळतात. आणि मी एका ओळखीच्या हॉटेलवाल्या काकांना विचारूनही आले, दुपारी चारच्या सुमाराला, गर्दी नसताना. त्यांनी चिडून नाही, नीट बसवून सांगितलं. ते म्हणाले, बघ, बाय टूला ग्लास दोन धुवायला पडतात, फेरी तेवढीच, टेबल तेवढंच अडतं आणि पैसे एकाचे. रविवारी संध्याकाळी सात ते नऊ बाहेर माणसं उभी असतात आणि आत चारजण एका चहावर पाऊण तास. दुधाचंच बघ, २०२५ च्या एप्रिलपासून नंदिनीचं दूध लिटरमागं ४ रुपयांनी वाढलं, कॉफी पावडर तर कुठल्या कुठं गेली, १९ किलोचं सिलिंडर कधी वर कधी खाली, आणि भट्टीवर चांगला माणूस टिकवायचा तर पगार गोव्याच्या हॉटेलांशी बरोबरी करून द्यावा लागतोय, नाहीतर तो चोर्ला घाट उतरून तिकडं जातो. वर त्याच वर्षी जुलैत यूपीआयच्या जमा रकमा बघून राज्यात लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा आल्या, कितीतरी जणांनी भीतीनं स्कॅनर काढून "फक्त रोख" लिहिलं, तेव्हापासून काकांनाही गल्ल्यावर बसलं की धास्ती वाटते. हे सगळं मी ऐकून घेतलं आणि मला ते पटलं. उगाच हॉटेलवाले लुटतात म्हणणाऱ्यांतली मी नाही. सकाळी पाचला भट्टी पेटवणाऱ्या माणसाला मी काय शिकवणार.

पण काकांनी सांगितलेल्या एकाही गोष्टीला बाय टू बंद करणं हे उत्तर नाही, हे मला त्यांच्यासमोर बोलता आलं नाही म्हणून आता बोलते.

दूध महागलं तर चहाचा दर वाढवा. खरंच वाढवा. बारा होता तो पंधरा केला, आम्ही कुरकुरलो असेल पण पितोय की. बाय टूला वेगळा दर लावा, दोन ग्लास धुवायचे म्हणून तीन रुपये जास्त, पाच जास्त, आणि तो दर बोर्डावर उघड लिहा. जादा प्लेट पाहिजे तर तिचे पाच रुपये लिहा. आम्ही देऊ, आणि मान खाली न घालता देऊ, कारण जे बोर्डावर लिहिलंय ते मागायला लाज वाटत नाही. "मिळणार नाही" च्या जागी "बाय टू १८ रुपये" असं लिहिलं तर तुमचं नुकसान भरून येतंय आणि आमची सोय राहतेय.

टेबल अडतंय म्हणता, तर रविवारी सात ते नऊ बाय टू देऊ नका, पण बाकीच्या वेळी द्या. किंवा सरळ येऊन सांगा, "बाई, बाहेर लोक थांबलेत, जरा आवरतं घ्या." बेळगावच्या माणसाला असं सांगितलेलं कळतं, आम्ही उठतो. मी कितीतरी वेळा उठलेय. दुपारी तीन ते पाच तुमची निम्मी टेबलं रिकामी असतात, पंखे उगाच फिरत असतात, तेव्हा चार मुली दोन डोशांवर तासभर बसल्या तर काय जातंय?

आणि एक हिशोब माझ्याकडूनपण ऐका. बाय टू घेणारा माणूस बाय टूवर थांबत नाही. परीक्षेच्या दिवसांत टिळकवाडीत आम्ही एक चहा दोघीत पीत होतो, त्यातल्याच आम्ही आता कमावतो. पहिला पगार झाला त्या दिवशी मी घरच्या सगळ्यांसाठी पार्सल कुठून नेलं असेल? जिथं अर्ध्या चहावर बसू दिलं होतं तिथूनच. आमच्या साखरपुड्याच्या दिवशी सकाळच्या नाष्ट्याची साठ माणसांची इडली-वडा-शिऱ्याची ऑर्डर तिथंच दिली. आमच्या वर्कशॉपमध्ये खंडेनवमीची पूजा असते तेव्हा खाण्याची ऑर्डर कुठं द्यायची ते मॅनेजर मला विचारतात. मी कुणाचं नाव सांगणार ते तुम्हाला कळलंच असेल.

काही ठिकाणी तर मला वाटतंय की हे कॅफेचं बघून चाललंय. नवीन काचा, पिवळे दिवे, प्लॅस्टिकची वेल, आणि डोसा तोच पण नाव बदलून दर दुप्पट. कुणाला तसं करायचं असेल तर करू दे, शहर वाढायलंय. पण बिलावर ५ टक्के जीएसटीच्या वर गुपचूप सर्व्हिस चार्ज लावायचा प्रकारही सुरू झालाय, एका ठिकाणी आमच्याकडून घेतला, आणि तो आपोआप लावता येत नाही हे ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ च्या जुलैतच सांगितलंय, दिल्ली हायकोर्टानं २०२५ च्या मार्चमध्ये ते कायम केलंय. तुम्ही उडपीवाले, खानावळवाले हे करत नाही, म्हणूनच तुमच्यावर आमचा जीव आहे. तुम्ही त्यांच्यासारखं व्हायला जाऊ नका.

स्वस्त म्हटलं की लोक नाक मुरडतात की काहीतरी कमी असणार. तसं नसतंय हे तुम्ही दाखवलंय. २०२४ च्या मार्चमध्ये सरकारनं गोबी मंच्युरीत रंग घालायला बंदी केली तेव्हा सुरुवातीला ती फिकट गोबी बघून आम्हालाच चुकल्यासारखं वाटलं, पण आम्ही जातो त्या गाडीवाल्या अण्णांनी त्या दिवसापासून रंग बंद केला तो कायमचा. आता एक प्लेट गोबी आणि चार टूथपिक घेऊन आम्ही त्यांच्या गाडीजवळ उभ्या असतो. गाडीवर अजूनही हाफ आणि फुल दोन्ही मिळतंय, एग राईस हाफ सांगितला तरी अंडं अख्खं फोडतात. ज्यांच्याकडं दुकान नाही, डोक्यावर पत्रा नाही, त्यांना हाफ परवडतंय, मग तुम्हाला पण जमेल असं मला मनापासून वाटतंय.

कुणी म्हणेल स्वस्तात खायचंय तर इंदिरा कॅन्टीन आहे की, ५ रुपयांत नाष्टा, १० रुपयांत जेवण. आहे, आणि ते असलंच पाहिजे, लई जणांचं पोट त्याच्यावर चालतंय. पण तिथं माणूस पोटासाठी जातो, खातो आणि कामावर पळतो. आम्ही तुमच्याकडं येतो ते दोन महिन्यांचं बोलणं साठलेलं असतंय म्हणून. खाणं लागतंच, पण त्या खाण्यावर हात ठेवून दोन तास बोलायचं असतंय.

एक वेगळी गोष्ट, पण बोर्डाचा विषय निघालाच आहे म्हणून. माझी आजी शाळेत मराठी चौथीपर्यंत शिकली, तिला कन्नड बोललेलं सगळं कळतं पण वाचता येत नाही, इंग्लिश तर नाहीच. हॉटेलात गेलो की ती दरफलकाकडं बघते आणि म्हणते, "मला इडली सांग." दरवेळी इडली. मला वाटायचं तिला इडली आवडते. मागच्या दिवाळीत मी तिला सगळा बोर्ड वाचून दाखवला तर म्हणाली, "पडू मिळतंय हितं? मग पडू सांग की!" (पडू म्हणजे आप्पे.) आणि एक प्लेट पडू तिनं आणि मी बाय टू केलं. नियमानं दुकानाच्या नावाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे, ते बरोबरच आहे, राज्याची भाषा आहे. दरफलकावर कन्नडखाली बारीक अक्षरात मराठीत पण पदार्थ आणि दर लिहिलात तर आमच्या आज्यांना काय मिळतंय ते कळेल. माझी बैलहोंगलची मैत्रीण म्हणते मी लिहून देते, दोन्ही भाषांत, तिचं अक्षर लई चांगलं आहे. हे तिनं खरंच सांगितलंय, कुणाला पाहिजे असेल तर बोलवा.

आमच्या त्या टेबलावर कधी भाषेवरून काही झालेलं नाही हेही सांगते. ऑर्डर बैलहोंगलची कन्नडमध्ये देते, मामा मराठीत उत्तर देतात, आतला भट्टीवाला तुळूत ओरडतो आणि खानापूरची कोकणी-मराठी मिसळून बोलते. आणि सगळ्यांना एकसारखा कळणारा शब्द कुठला, तर बाय टू.

आता शेवटचं, मागणं म्हणा नाहीतर विनंती. ज्यांनी बोर्ड लावलाय त्यांनी तो एकदा काढून बघा, महिनाभर. दर वाढवून बघा, वेळ ठरवून बघा, गल्ल्यात काय फरक पडतोय ते लिहून ठेवा. हिशोब मांडायला कुणी पाहिजे असेल तर मी रविवारी मोकळी असते, पैसे नकोत. ज्यांनी अजून लावला नाही त्यांनी शेजारच्याचं बघून लावू नका. आणि जे सप्लायर मामा लोक आहेत त्यांना मालकांनी एवढं सांगा की चौघांत दोन डोसे मागितले तर न विचारता चार प्लेट ठेवायच्या.

निपाणीच्या मैत्रिणीला मागच्या आठवड्यात काम लागलंय, एका दवाखान्यात रिसेप्शनला. पगार कमी आहे पण लागलंय. तिनं फोन करून सांगितलं की येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भेटायचं आणि बिल ती देणार, कुणी मध्ये बोलायचं नाही. ह्यावेळी माझा होणारा नवराही येणार आहे, मैत्रिणींना अजून नीट भेटला नाही, आणि बैलहोंगलचीची धाकटी बहीण पण. म्हणजे आम्ही सहाजण. तीन वाजता, गर्दी नसते तेव्हा. कुठं जायचं ते अजून ठरलेलं नाही, ज्याच्याकडं बोर्ड नसेल तिथं. तीन मसाला डोसे, एक गोबी, आणि कॉफी तीन, तिन्ही बाय टू.

तुमची,
वडगावची एक कायमची गिऱ्हाईक